मुलांच्या अपस्मारावरील उपचाराचा परिणाम ईईजीवरून कसा जोखावा

अपस्मार असलेल्या मुलाचे औषध सुरू होऊन काही आठवडे लोटले की ईईजी पुन्हा काढावा का, असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही. मेंदूतील विद्युत लहरींचा हा आलेख काही प्रकारच्या अपस्मारांत उपचाराचे जवळजवळ निर्णायक माप ठरतो, काहींत तो केवळ पूरक माहिती देतो, आणि काहींत तर निव्वळ तो पाहून औषध वाढवणे मुलाच्या हिताविरुद्ध जाते. म्हणून आलेख काढण्यापूर्वी मुलाच्या अपस्माराचा प्रकार कोणता आणि आलेख पाहून नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे दोन्ही स्पष्ट असले पाहिजे. आलेख कसाही आला तरी उपचारात काहीच बदलणार नसेल, तर तो न काढणेच बरे. पुढील विवेचन पालकांसाठी आणि अशा मुलांना नियमितपणे तपासणाऱ्या सर्वसाधारण डॉक्टरांसाठी आहे. औषध आणि त्याची मात्रा मात्र उपचार करणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवायची असते.

आलेखाची मर्यादा आधी समजून घ्यावी

हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूच्या लहरी 1924 मध्ये प्रथम नोंदवल्या आणि 1929 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. तेव्हापासून उपकरणे पूर्ण बदलली, पण तत्त्व तेच राहिले. डोक्याच्या त्वचेवर ठरावीक अंतरावर साधारण वीस इलेक्ट्रोड चिकटवले जातात आणि त्यांच्यामधील मायक्रोव्होल्ट इतका सूक्ष्म विद्युत फरक सतत नोंदवला जातो. उपचार जोखण्याच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी पाहायच्या असतात: एक म्हणजे मेंदूची मूळ लय, आणि दुसरी म्हणजे त्या लयीतून अचानक उसळणारे स्पाइक, म्हणजे टोकदार लहरी, तसेच स्पाइक आणि संथ लहर यांच्या जोड्या, म्हणजे स्पाइक-वेव्ह. नोंद चालू असताना प्रत्यक्ष झटका आला तर तोही मिळतो, पण अर्ध्या तासाच्या साध्या ईईजीत तसे क्वचितच घडते. बहुतेक वेळा आपण दोन झटक्यांमधल्या शांत काळातील खुणा वाचत असतो.

मूळ लय वयानुसार बदलते. जागेपणी डोळे मिटले असता डोक्याच्या मागच्या भागात दिसणारी लय तीन-चार महिन्यांच्या बाळात सेकंदाला तीन ते चार, वर्षाच्या सुमारास सहा, तिसऱ्या वर्षी आठ आणि दहाव्या वर्षाच्या आसपास नऊ ते दहा आवर्तनांची असते. जी लय वर्षाच्या बाळात अगदी योग्य, तीच दहा वर्षांच्या मुलात संथ, म्हणजे असाधारण ठरते. दोन ईईजींमध्ये वर्ष-दोन वर्षांचे अंतर असेल तर लयीतील सुधारणा औषधामुळे झाली की वाढीमुळे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. त्यामुळे मुलांचे आलेख वाचण्याचा सराव असलेल्या तज्ज्ञानेच ते वाचलेले चांगले.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. अपस्मार निश्चित असलेल्या व्यक्तींपैकीही साधारण निम्म्यांच्याच पहिल्या साध्या ईईजीत अपस्माराच्या खुणा सापडतात. झोपेची नोंद घेतली किंवा तपासणी पुन्हा केली तर हे प्रमाण वाढते. उलट, ज्यांना कधीच झटका आलेला नाही अशा निरोगी मुलांपैकीही शंभरात दोन ते चार जणांच्या आलेखात स्पाइक दिसतात. म्हणून आलेख स्वच्छ आला एवढ्यावरून आजार आटोक्यात आला असे म्हणता येत नाही आणि स्पाइक दिसले एवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असेही म्हणता येत नाही. आलेख मुलाच्या स्थितीशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

तुलनेसाठी पहिला आलेख नीट जपावा

शक्य असेल तेथे पहिला ईईजी औषध सुरू होण्यापूर्वीचा असावा. त्याचा केवळ एकपानी अहवाल जपून भागत नाही. मूळ डिजिटल नोंद मागून घ्यावी, कारण पुढे दुसऱ्या तज्ज्ञाला तुलना करायची झाल्यास 'असाधारण' या एका शब्दाचा काहीच उपयोग होत नाही. अहवालातही मोजता येण्यासारखे तपशील असावेत असा आग्रह धरावा: मूळ लयीची गती, स्पाइक कोणत्या भागात आणि जागेपणी की झोपेत, स्पाइक-वेव्हच्या सर्वांत लांब मालिकेचा कालावधी, दीर्घश्वसनाच्या, म्हणजे काही मिनिटे खोल आणि जलद श्वास घेण्याच्या, वेळी अशा मालिका किती आल्या, आणि झोपेतील नोंद असल्यास त्या झोपेचा किती भाग स्पाइकने व्यापला होता. हे आकडे नसतील तर पुढच्या अहवालातील 'सुधारणा आहे' हे वाक्य केवळ वाचणाऱ्याचे मत उरते.

दोन आलेखांची तुलना परिस्थिती सारखी असेल तरच खरी ठरते. पहिला आलेख झोपेतला आणि दुसरा फक्त जागेपणीचा असेल, तर दुसऱ्यात स्पाइक कमी दिसल्याचे श्रेय औषधाला देता येत नाही, कारण अनेक अपस्मारांत स्पाइक झोपेतच उफाळतात. नोंदीची लांबी, दिवसाची वेळ, आदल्या रात्रीची झोप, दीर्घश्वसन आणि लुकलुकत्या प्रकाशाची चाचणी केली की नाही, शेवटचा झटका किती वेळापूर्वी आला आणि औषधाची शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे सारे लिहून ठेवावे. झटक्यानंतर काही तास, कधी काही दिवसही, लहरी संथ राहू शकतात आणि त्या काळातील आलेख उगाच वाईट दिसतो.

ईईजीच्या जोडीला झटक्यांची रोजनिशी लागतेच. तारीख, वेळ, किती सेकंद चालला, कसा सुरू झाला आणि त्या वेळी मूल जागे होते की झोपेत, एवढी नोंद पुरेशी असते. मोबाईलवर घेतलेले चित्रण कित्येकदा लांबलचक वर्णनापेक्षा अधिक सांगून जाते. मात्र रोजनिशीतही त्रुटी असतात: रात्रीचे झटके, क्षणभर हरवण्याचे झटके आणि बाळांचे सूक्ष्म आचके जागरूक पालकांच्याही नजरेतून सुटतात. ईईजीची खरी गरज येथे उभी राहते.

क्षणभर हरवण्याचे झटके

साधारण चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होणाऱ्या 'ॲब्सेन्स' अपस्मारात मूल बोलता बोलता थांबते, काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा जसेच्या तसे बोलू लागते. असे झटके दिवसातून कितीतरी वेळा येतात आणि शिक्षकांना ते लक्ष नसल्यासारखे वाटतात. आलेखात त्याच वेळी संपूर्ण मेंदूवर सेकंदाला सुमारे तीन या गतीने स्पाइक-वेव्हची लयबद्ध मालिका उमटते. तीन मिनिटे खोल आणि जलद श्वास घ्यायला लावले की उपचार न झालेल्या बहुतेक मुलांत हा झटका तेथेच येतो. त्यामुळे या अपस्मारात ईईजी उपचाराचे चांगले माप ठरते. औषधाची मात्रा पुरेशी झाल्यावर पुन्हा ईईजी काढून त्यात दीर्घश्वसन नीट, पूर्ण तीन मिनिटे आणि जोर लावून करून घ्यावे. लहान मुलाला भिंगरी फुंकायला दिली तर ते आनंदाने करते. सिकलसेल आजार, मोयामोया हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार, किंवा हृदयाचा वा फुप्फुसांचा गंभीर आजार असलेल्या मुलांत ही चाचणी टाळावी.

पालक 'आता झटके दिसत नाहीत' असे सांगतात आणि आलेखात तरीही सात-आठ सेकंदांच्या मालिका निघतात, असे घडू शकते. तेथे उपचार अपुरा आहे असेच मानून तज्ज्ञ मात्रेचा किंवा औषधाचा फेरविचार करतात. एक-दोन सेकंदांच्या तुटक मालिकांचा अर्थ लावणे अवघड असते. तज्ज्ञांतही त्यावर मतभेद होतात, आणि मुलाचा अभ्यास व लक्ष ठीक असेल तर त्यांच्यामागे धावू नये, असे मला वाटते.

या अपस्मारावरील तीन औषधांची तुलना करणारा मोठा अमेरिकी अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 453 मुले होती आणि झटके थांबले की नाही हे ठरवताना ईईजीचाही आधार घेतला होता. सोळा आठवड्यांनंतर इथोसक्सिमाइड घेणाऱ्या 53 टक्के, व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या 58 टक्के आणि लॅमोट्रिजिन घेणाऱ्या 29 टक्के मुलांचा उपचार यशस्वी ठरला. पहिली दोन औषधे या मापाने जवळपास सारखी ठरली, परंतु लक्ष केंद्रित करण्यातील अडचणी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांत अधिक आढळल्या आणि त्यामुळे पहिली पसंती इथोसक्सिमाइडकडे गेली. ज्या आजारात ईईजी इतका विश्वासार्ह आहे, तेथेही औषधाची अंतिम निवड आलेखावर न ठरता मुलाच्या लक्षाच्या चाचणीवर ठरली, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बाळांचे आचके: येथे उशीर चालत नाही

पहिल्या वर्षात दिसणारे, झोपेतून उठल्यावर पाठोपाठ येणारे, मान आणि हातपाय क्षणभर आखडून सोडणारे आचके हा वेगळाच गंभीर आजार आहे. विल्यम वेस्ट या इंग्लिश डॉक्टरांनी 1841 मध्ये स्वतःच्या मुलाच्या आजाराचे वर्णन करताना तो प्रथम मांडला. यातील ईईजी बहुधा पूर्ण विस्कळीत असतो: अतिउंच, संथ, एकमेकींशी मेळ नसलेल्या लहरी आणि सगळीकडे विखुरलेले स्पाइक. या चित्राला हिप्सॅरिद्मिया म्हणतात. केवळ आचकेच नव्हे तर मेंदूची ही विस्कळीत अवस्थाही बाळाच्या विकासाला बाधक मानली जाते. म्हणून एसीटीएच, प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन या औषधांचे उद्दिष्ट दुहेरी असते: आचके पूर्ण थांबले पाहिजेत आणि आलेखातील हिप्सॅरिद्मियाही नाहीसा झाला पाहिजे.

उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ईईजी पुन्हा काढावा. त्यात झोप आणि झोपेतून जागे होण्याचा काळ असलाच पाहिजे, कारण हिप्सॅरिद्मिया कधी फक्त झोपेत शिल्लक असतो आणि आचके जागे होताना येतात. त्यामुळे चित्रणासह काही तासांची नोंद घेता आली तर उत्तम. येथे अर्धवट यश हे यश धरले जात नाही. दिवसाला चाळीस आचक्यांवरून पाचावर आले तर पालकांना साहजिकच हायसे वाटते, परंतु आलेख विस्कळीतच असेल तर वाट न पाहता दुसऱ्या औषधाकडे वळण्याचा विचार केला जातो. नुसते डोळे वर जाणे किंवा मान किंचित झुकणे एवढ्यावरही आचका संपू शकतो आणि तो फक्त चित्रणासह घेतलेल्या ईईजीतच ओळखू येतो. उपचार यशस्वी झाल्यानंतरही आजार उलटू शकतो, म्हणून पुढील काही महिन्यांत नवी शंकास्पद हालचाल दिसताच आलेख पुन्हा काढावा.

झोपेत स्पाइक उफाळणारे आजार

काही मुलांत गाढ झोप लागताच स्पाइक-वेव्ह जवळजवळ अखंड वाहू लागतात. झटके थोडे असतात, कधी नसतातही, पण भाषा, स्मरण किंवा वागणूक मागे जाऊ लागते. 1957 मध्ये वर्णन झालेला लांडाउ-क्लेफ्नर विकार, ज्यात आधी बोलणारे मूल बोललेले समजेनासे होते, याच गटातला आहे. येथे झोपेतील किती टक्के काळ स्पाइक-वेव्हने व्यापला आहे हे मोजतात. पूर्वी 85 टक्क्यांची कसोटी लावत असत, आता अनेक तज्ज्ञ 50 टक्क्यांपासूनच सावध होतात. उपचारानंतरची तुलना झोपेच्या त्याच टप्प्यावर, शक्य तर रात्रभराच्या नोंदीवर करावी. दिवसा जागेपणी काढलेला ईईजी या आजारात फसवा असतो. टक्केवारी उतरली तरी भाषा आणि आकलनाची प्रमाणित मानसशास्त्रीय चाचणी करून मूल खरोखर सावरत आहे का, हे पाहिल्याशिवाय उपचार यशस्वी झाला असे म्हणू नये. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन यांनी हा प्रकार कधीकधी बळावतो. ॲब्सेन्स झटकेही या औषधांनी वाढू शकतात. म्हणून नवे औषध सुरू झाल्यावर मूल अभ्यासात किंवा बोलण्यात अचानक मागे पडू लागले, तर झोपेतील ईईजी लवकर काढावा.

याच्या अगदी शेजारी, आणि तरीही उपचाराच्या दृष्टीने उलट टोकाला, शाळकरी वयातला रोलँडिक अपस्मार उभा आहे. त्यात तोंडाच्या एका बाजूला मुंग्या येणे, लाळ गळणे, बोलता न येणे असे झटके बहुधा झोपेत, तेही मोजकेच येतात आणि पौगंडावस्थेत आजार आपोआप मावळतो. आलेखात मात्र कानशिलाच्या वरच्या भागात भरघोस स्पाइक दिसतात आणि झटके थांबल्यावरही ते वर्षानुवर्षे राहू शकतात. स्पाइकच्या संख्येवरून झटक्यांचा अंदाज येत नाही. ते नाहीसे व्हावेत म्हणून औषध वाढवत नेले तर मुलाच्या वाट्याला सुस्ती येते आणि लाभ काहीच होत नाही. अशा मुलाचा ईईजी दर सहा महिन्यांनी काढत राहण्याला अर्थ नाही. भाषा किंवा अभ्यासात घसरण दिसली तरच झोपेतील नोंद घ्यावी.

झटके चालूच राहिले तर

मेंदूच्या एका भागातून उगम पावणाऱ्या इतर बहुतेक अपस्मारांत उपचाराचे माप झटक्यांची संख्या हेच असते आणि नेहमीचा ईईजी पुन्हा पुन्हा काढून त्यात भर पडत नाही. योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे अपयशी ठरली की अपस्मार औषधांना न जुमानणारा मानला जातो. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने 2010 मध्ये ही व्याख्या केली. त्या टप्प्यावर चित्रणासह दीर्घ ईईजीचे काम वेगळे होते. झटका कोठून सुरू होतो, शस्त्रक्रियेचा विचार करता येईल का, आणि मुळात हे सगळे झटके अपस्माराचेच आहेत का, हे त्यातून कळते. दिवास्वप्नात हरवणे, झोपेतील निरुपद्रवी दचके, अन्न उलटून येण्याने बाळाचे वाकणे, यांना अपस्मार समजून औषध वाढवले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. तिसरे औषध जोडण्यापूर्वी एक झटका तरी नोंदीत पकडावा.

अतिदक्षता विभागात परिस्थिती निराळी असते. दीर्घ झटका औषधाने थांबल्यासारखा दिसतो, पण मूल शुद्धीवर येत नाही. अशा वेळी शरीर शांत असूनही मेंदूत झटका चालू असू शकतो आणि तो सलग ईईजीशिवाय कळत नाही. एका तासात बारा मिनिटांहून अधिक काळ असे झटके चालणे मेंदूच्या कार्यातील घसरणीशी निगडित असल्याचे दिसले आहे. नवजात बाळांत तर फेनोबार्बिटल दिल्यावर हालचाल थांबून आलेखातील झटके तसेच राहणे ही ओळखीची बाब आहे. म्हणून तेथे औषधाचे यश बाळाकडे पाहून न ठरवता आलेखावरच ठरवावे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवजात बाळांच्या चाचणीत सलग ईईजीच्या मापाने फेनोबार्बिटलने 80 टक्के आणि लेव्हेटिरासिटामने 28 टक्के बाळांचे झटके चोवीस तासांसाठी थांबले.

औषधांच्या खुणा आणि तपासणीची तयारी

आलेखात दिसणारा प्रत्येक बदल आजाराचा नसतो. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम आणि फेनोबार्बिटल यांनी जलद लहरी वाढतात. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, विशेषतः मात्रा जास्त झाल्यास, मूळ लय संथ करतात. व्हॅल्प्रोएटमुळे रक्तातील अमोनिया वाढला तर सर्वत्र संथ लहरी पसरतात. त्यामुळे सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा तंत्रज्ञाला लेखी द्याव्यात. लय अचानक संथ झाली आणि मूलही सुस्त असेल, तर औषध वाढवण्याचा विचार करण्याआधी ते जास्त तर झालेले नाही ना, हे तपासावे.

तपासणीसाठी औषधाची मात्रा स्वतःहून कधीही चुकवू नये. एक तर त्याने झटका ओढवू शकतो आणि दुसरे म्हणजे औषधाचा परिणाम पाहण्याचा हेतूच फसतो. डोके आदल्या दिवशी धुवावे, तेल किंवा क्रीम लावू नये. झोपेची नोंद हवी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे जागरण करवावे. जागरणानेही झटका येऊ शकतो, म्हणून त्या रात्री आणि सकाळी मुलाजवळ कोणीतरी असावे. तान्ह्या बाळाला इलेक्ट्रोड लावून होईपर्यंत जागे ठेवून मग दूध पाजले तर ते सहसा आपोआप झोपते. झोपेचे औषध लागलेच तर डायझेपाम गटातले टाळतात, कारण ते स्पाइकच दाबून टाकते. मेलाटोनिन त्या मानाने सोयीचे असते. मोठ्या मुलाला आधीच सांगावे की दुखणार नाही आणि यंत्रातून त्याच्या डोक्यात वीज जात नाही.

औषध थांबवताना

साधारण दोन वर्षे झटका आला नाही की औषध हळूहळू कमी करण्याचा विचार सुरू होतो. त्या वेळी ईईजी काढण्याचा हेतू धोका किती आहे हे जोखण्याचा असतो. औषध बंद केल्यावर सर्व प्रकार मिळून साधारण एक तृतीयांश मुलांत झटके परततात, आणि आलेखात स्पाइक शिल्लक असतील तर ही शक्यता वाढते. पण अपस्माराचा प्रकार याहून वजनदार ठरतो. रोलँडिक अपस्मारात स्पाइक असूनही औषध थांबवता येते, तर किशोरवयातील मायोक्लोनिक, म्हणजे स्नायू क्षणभर आचकणाऱ्या, अपस्मारात आलेख निर्मळ असला तरी औषध बंद केल्यावर झटके परतण्याची शक्यता मोठी असते. झटके परतले तर ते बहुतेकदा पहिल्या वर्षातच परततात. म्हणून थांबवण्यापूर्वीचा आलेख हाताशी ठेवावा, त्या वर्षात रोजनिशी चालू ठेवावी, आणि नवी तक्रार उद्भवली तर त्याच प्रकारची, झोपेसह नोंद घेऊन ती या आलेखाशी ताडून पाहावी.